उजवीकडची रेघ

रचनाने टॉर्च लावला आणि पहिल्या चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी धरला. मग डाव्या कोपऱ्याशी. मग ती पुढच्या चित्राकडे सरकली. भिंतीच्या टोकापर्यंत ती अशीच वाकत वाकत गेली आणि समोरच्या भिंतीवरून तशीच परत आली. सुचिता स्टुलावर बसून चहात पाव बुडवत होती. तिला वाटलं, वाळवी बघतेय. आता गॅलरी म्हणत असले तरी मूळची ती भाताची गिरण. किहीमच्या दमट हवेत जुन्या लाकडाला वाळवी लागायला किती वेळ लागतो?

"सुचिताताई, सह्या कुठे आहेत?"

"कसल्या?"

"चित्रांवरच्या. तुमच्या."

सुचिताने तोंडातला घास संपवला. तोंडात घास असताना ती कधी बोलत नसे. "नाहीत," ती म्हणाली.

"एकावरही नाही?"

"आठवलंच नाही."

रचना समोरच्या खोक्यावर बसली. ही गिरण तिने विकत घेतली, भिंती पांढऱ्या केल्या, वरचं लोखंडी चाक तसंच ठेवलं आणि गेली काही वर्षं इथे प्रदर्शनं भरवली. या काळात तिने नाना तऱ्हेचे चित्रकार पाहिले होते. चित्रापेक्षा सही मोठी करणारे पाहिले होते. सही करायचीच विसरलेली बाई ती पहिल्यांदाच पाहत होती.

"हे बघा, मी रागाने बोलत नाहीये," ती म्हणाली. "पण नाव नसलेलं चित्र मी या भिंतीवर ठेवत नाही. एकदा ठेवलं होतं, नंतर दोघं जण भांडत आले, हे माझं, हे माझं. तेव्हापासून नियम केला. पाचला दारं उघडायची आहेत. त्याआधी सगळ्यांवर तुमचं नाव पाहिजे. नसेल तर मी दार उघडणार नाही."

"बरोबर आहे तुमचं."

"मग करा ना. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम नव्हतं, हे सुचिताला तेव्हाच कळलं होतं.

तिने बावीस वर्षं पुण्यातल्या एका खाजगी प्रकाशकासाठी आकृत्या काढल्या होत्या. जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं, प्रॅक्टिकलच्या वह्या, भिंतीवर लावायचे तक्ते. जास्वंदीचा उभा छेद, झुरळाची पचनसंस्था, हृदयाचे चार कप्पे. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं आणि हात वडिलांचा होता, त्यामुळे काम जमलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकांची नावं असत, संपादकांची असत, तपासणाऱ्यांची असत. आकृती कुणी काढली ते कुठेच नसे. पहिल्या वर्षी तिने बेडकाच्या मागच्या पायाशी, अगदी बारीक, 'सु' असं एकच अक्षर घातलं होतं. संपादकांनी त्याभोवती लाल गोल करून पान परत पाठवलं. शेजारी लिहिलं होतं : हा कोणता अवयव?

ते वाचून ती स्वतःच हसली होती. मग ब्लेडने ते अक्षर खरवडून काढलं, कागद घोटून पुन्हा गुळगुळीत केला आणि त्यानंतर कधीही आकृतीत नसलेली गोष्ट आकृतीत घातली नाही. जे आहे तेवढंच काढायचं, जेवढं आहे तेवढंच काढायचं. सावलीसुद्धा रेघांनी नाही, ठिपक्यांनी. दाट हवी तिथे ठिपके जवळ, फिकट हवी तिथे लांब, पण एकही ठिपका दुसऱ्याला चिकटता कामा नये. बावीस वर्षांत हा नियम तिच्या हाडांत मुरला होता.

मग ज्या वर्षी चक्रीवादळ झालं त्याच वर्षी प्रकाशकाने कळवलं की यापुढे आकृत्या संगणकावर होतील. पत्र आलं तेव्हा ते वाचायला तिला फुरसत नव्हती. दिवेआगरची त्यांची वाडी आडवी झाली होती. तिचा नवरा सुजित सकाळी करवत घेऊन निघायचा आणि पडलेल्या पोफळींमधून घरापासून विहिरीपर्यंत वाट काढायचा. सुचिता त्याच्या मागून चहा घेऊन गेली आणि एका उपटलेल्या माडापाशी थांबली. जमिनीत असताना कधी न दिसलेली मुळं तिच्या डोक्याच्या वर उभी होती. सोटमूळ नाही, सगळी तंतुमुळं, बोटाएवढी जाड, हजारोंनी. त्यांत अडकलेली माती, गोगलगायीचे शंख, एक जुनी पितळी चावी. कित्येक वर्षं जे झाडाला धरून होतं ते असं उघड्यावर.

ती घरात गेली आणि कागद शोधू लागली. एवढा मोठा कागद तिच्याकडे कधीच नव्हता. तिच्या सगळ्या आकृत्यांखाली प्रमाणाची पट्टी असायची, किती पट लहान, किती पट मोठं. या मुळांना तिने पहिल्यांदाच ठरवलं, प्रमाण नको. आहेत तेवढीच. जुन्या कॅलेंडरची पानं तिने पाठकोरी जोडली आणि झाडासमोर बसली.

"झालं का ह्याचं?" सुजित करवत घेऊन विचारायचा. "लावू का हात?"

"डावी बाजू राहिलीये."

"मग मी पलीकडचं घेतो."

तो खरोखरच पलीकडचं घ्यायचा. गावातली माणसं येता-जाता म्हणायची, "सरकारी पंचनामा होईल तेव्हा होईल, सुजितच्या बायकोने आपला सुरू केलाय." सुजित म्हणायचा, "तिचा पंचनामा पक्का असतो. एक मूळ इकडचं तिकडं व्हायचं नाय."

त्या कॅलेंडरच्या पानांची पुढे कॅनव्हासवर चित्रं झाली. काळी शाई, थोडा मातीचा रंग, आणि ठिपके. एकेका चित्राला महिने गेले. काल सकाळी ती सगळी ताडपत्रीत बांधून टेम्पोत भरली, आणि दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर टेम्पो चढवताना तिथल्या माणसाने विचारलं, "काय हाय आत, दरवाजे?" तेव्हा सुजित म्हणाला, "झाडं. बायकोने परत उभी केलेली." हे बोलताना तो खाडीकडे बघत होता, पण सुचिताने ऐकलं.

आता ती रद्दीच्या कागदावर सही करून बघत होती. पहिली बँकेतल्यासारखी झाली. दुसरी गॅसच्या पावतीवरच्यासारखी. तिसरी तिने सावकाश, वळणदार काढली, तर ती लग्नपत्रिकेवरची वाटली. कागद कापून तिने एका चित्राच्या कोपऱ्यावर धरून पाहिला. वाऱ्याने कचरा येऊन चिकटावा तसा तो तिथे दिसला. लाल गोल केल्याशिवाय राहवू नये असा.

"तिथे नको, जरा खाली," रचना लांबून म्हणाली. "आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत अजिबात नको हं. ती जागा म्हणजे तर या चित्रांची जान आहे. मी प्रदर्शनाच्या पत्रिकेत तेच लिहिलंय."

हे खरं होतं. आधी पाठवलेले फोटो पाहतानाच रचनाच्या लक्षात आलं होतं की सुचिताचं प्रत्येक मूळ, प्रत्येक बुंधा कॅनव्हासच्या डावीकडे सरकलेला आहे आणि उजवीकडे हातभर जागा कोरी आहे. पत्रिकेत तिने लिहिलं होतं, 'वादळानंतरची रिकामी जागा'. सुचिताने ते वाचलं तेव्हा तिला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. तिने तसा काही विचार केला नव्हता. उजवीकडे जागा सोडल्याशिवाय तिला सुरुवातच करता येत नसे, एवढंच. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"तुम्हाला अडतंय कुठे?" रचनाने शेवटी विचारलं.

सुचिताने पेन खाली ठेवलं. "मी यात माझं काही घातलेलं नाही हो. जसं होतं तसं काढलं. मुळं माडाची, वादळ वाऱ्याचं. मग नाव कुणाचं घालायचं?"

रचनाने सह्यांचा तो रद्दी कागद आपल्याकडे ओढला. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

सुजित आप्पांना अलिबाग स्टँडवरून घेऊन आला होता. आप्पा म्हणजे सुचिताचे वडील, चांगदेव. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं, डोळ्यांची आखणी. मूर्ती दुसऱ्याने घडवायची, रंग तिसऱ्याने द्यायचा आणि सगळ्यांत शेवटी आप्पांनी येऊन डोळे लिहायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मूर्ती घरोघरी बसल्या आणि सगळ्या पाण्यात गेल्या. आता ऐंशीच्या घरात आलेल्या आप्पांचा हात कापायचा. कारखान्यात ते अजून जात, पण नुसते बसायला.

"कंडक्टर स्टँडवर सांगत होता, आप्पांनी पेणपासून अलिबागपर्यंत त्याला तीनदा सांगितलं, पोरीचं प्रदर्शन हाय," सुजित म्हणाला. "तिसऱ्यांदा तो म्हणाला, बाबा, मला सुट्टी भेटली तर मी पन येतो."

"मी एकदाच सांगितलं," आप्पा म्हणाले. "त्याला ऐकायला कमी येतंय."

सुचिता त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच चित्रांकडे वळले. पहिल्यासमोर उभे राहिले. इतके जवळ गेले की नाक लागेल. मग चार पावलं मागे आले. मग पुढचं. सुचिता त्यांच्यापासून अंतर ठेवून चालत होती. लहानपणी ती चित्र घेऊन त्यांच्याकडे जायची तेव्हा ते फक्त एवढंच विचारायचे, "ह्याचा डोळा कुठं हाय?" घराचं चित्र असो, डोंगराचं असो, तोच प्रश्न. तिला तो कधी कळला नाही आणि उत्तर कधी देता आलं नाही.

सगळ्यांत मोठ्या चित्रापाशी, त्या पहिल्या माडाच्या मुळांपाशी, आप्पा बराच वेळ थांबले. मग खुर्ची मागितली आणि तिथेच समोर बसून राहिले.

"काय म्हणतात?" सुजितने हळूच विचारलं.

"अजून काही नाही."

"आणि तू का अशी? चेहरा उतरलाय तुझा."

तिने सांगितलं. सुजितने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "माझं नाव घालायचं नसेल तर घालू नको, मला राग नाय येणार. पण आडनाव माहेरचं की आमचं, हे आधी ठरव. नायतर दोन्हीकडून बोलणी खाशील."

"सुजित, मस्करी नको."

"बरं. मग एक सांगतो ते ऐक. वाडीत पडलेली झाडं सगळ्यांचीच होती. बघत बसलं कोण?"

तिने मान हलवली, पण पेन उचललं नाही.

साडेतीनच्या सुमाराला दारातून एक माणूस डोकावला. चाळिशीचा, डोक्यावर हेल्मेट तसंच. "सॉरी हं, पाचला आहे माहीत आहे. पण पाचला माझ्याकडे एका आजोबांची दाढ काढायची आहे, त्यांना पुढे ढकललं तर ते पळून जातील. दोन मिनिटं बघू का?"

हा डॉक्टर निकेत. त्याचा दातांचा दवाखाना चोंढी नाक्यावर होता. रचना त्याला ओळखत होती. तिनेच त्याच्या बाहेरच्या भिंतीवर प्रदर्शनाचं पोस्टर लावलं होतं. त्याने हेल्मेट काढलं आणि आप्पांसारखाच तोही पहिल्या चित्राच्या अगदी जवळ गेला. मग वळून म्हणाला, "यात मॅडम कोण?"

सुचिताने हात जरासा वर केला, वर्गात करतात तसा.

"मॅडम, तुम्ही दाताचा उभा छेद काढलाय का कधी? दहावीच्या गाइडात? नंतर तक्ताही निघाला होता त्याचा."

"काढलाय."

"मला वाटलंच." तो हसला आणि भिंतीकडे बोट दाखवून बोलू लागला, जणू भिंतीलाच साक्षीला धरत होता. "पोस्टर लावलं त्या दिवसापासून मला छळतंय हे. म्हटलं, हे ठिपके मी कुठेतरी बघितलेत. ते असे बारीक होत होत जातात ना, आणि कुठे संपले तेच कळत नाही... माझ्या दवाखान्यात आहे हो तो तक्ता. मोठा करून फ्रेम केलाय. रोज त्याच्यावर बोट ठेवून सांगतो पेशंटला, हे मूळ, हे इथं सडलंय. कंपनीचे चकचकीत तक्ते फुकट येतात, पण ते बघून माणसं घाबरतात. तुमच्या चित्राला कुणी घाबरत नाही. मी नाव शोधलं होतं खाली. नाही सापडलं."

"नसतंच ते," सुचिता म्हणाली.

"का?"

तिला बेडकाच्या पायाची गोष्ट सांगावीशी वाटली, पण तिने सांगितली नाही. निकेत तिच्याकडे पाहत राहिला, मग एकदम म्हणाला, "थांबा. घेऊन येतो. सही द्या मला त्याच्यावर. पाच मिनिटं," आणि स्कूटर सुरू केल्याचा आवाज आला.

"आज सगळ्यांना सह्याच हव्यात," सुजित म्हणाला.

निकेत तक्ता घेऊन आला तो टॉवेलमध्ये गुंडाळून. त्याने तो टेबलावर ठेवला आणि सुचिता त्यावर वाकली. तिचाच होता. काढून वीस वर्षं झाली असतील. डावीकडे दाढ, उभी चिरलेली. उजवीकडे मोकळी जागा आणि त्या जागेत एकाखाली एक नावं. दंतवल्क, दंतिन, हिरडी, मूळ. प्रत्येक भागापासून पट्टीने आखलेली एक सरळ रेघ निघत होती आणि आपल्या नावापाशी थांबत होती. एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. टोकाला बाण नव्हते. सगळी नावं उजवीकडे, एका ओळीत. सुबक, नामनिर्देशित आकृती.

सुचिताने मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं. मग परत तक्त्याकडे. मग भिंतीकडे.

"रचना," ती सावकाश म्हणाली, "ती रिकामी जागा वादळाची नाहीये."

"मग?"

"नावांची आहे. मी सवयीने सोडलीये. प्रत्येक वेळी. नावं लिहायला जागा ठेवली आणि नावं लिहिलीच नाहीत."

रचना टेबलापाशी आली, तक्ता पाहिला, आणि तिला काय होऊ घातलंय ते कळलं. "नाही हं. ताई, नाही. त्या कॅनव्हासवर पट्टीने रेघ? ही पुस्तकाची पानं नाहीत. आता ही कला आहे. कोपऱ्यात बारीक सही करा, मी दुसरं काही मागत नाही."

"कोपऱ्यात माझा हात चालत नाहीये."

"आणि रेघ चुकली तर?"

"बावीस वर्षांत एक चुकलेली नाही."

हे ती नेहमीच्या आवाजात बोलली, पण बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. असं वाक्य तिने आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

तरी तिने पिशवीतून पट्टी काढली नाही. तक्त्यावरच्या रेघांना सुरुवात होती. मूळ कुठलं, हिरडी कुठली, हे ठरलेलं होतं. पण तिच्या नावाची रेघ निघणार कुठून? त्या एवढ्या मोठ्या चित्रात तिची म्हणावी अशी जागा कुठली?

ती आप्पांच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली जमिनीवर बसली. "आप्पा, तुम्ही कधी मूर्तीवर नाव घातलंत?"

"मूर्तीवर कुणी नाव घालतं काय?" आप्पा चित्रावरून नजर न काढता म्हणाले. "बुडवायची असती ती. देव पाण्यात गेला की आपलं कामपन गेलं. मग पुढच्या वर्षी नवीन."

"म्हणून मग मीही..."

"पन हे काय बुडवायचं हाय?"

सुचिताने मान वर करून चित्राकडे पाहिलं.

"मी ऐकतोय मघापासून," आप्पा म्हणाले. "नाव घालू का नको. हे सगळं बुडालेलंच होतं. तू ते वर काढलंस. आनि आता म्हनतेस, माझं न्हाय." ते खुर्चीवरून उठले, तिच्या खांद्याचा आधार घेऊन चित्रापाशी गेले आणि कापणारं बोट मुळांच्या जाळीत एका जागी नेलं. तिथे, जाड मुळांच्या वेटोळ्यात, मातीत अर्धी रुतलेली ती जुनी चावी होती. चावीच्या कडीच्या आत सुचिताने ठिपके घातले नव्हते. तेवढा एक शेंगदाण्याएवढा कॅनव्हास कोरा राहिला होता. "हा बघ ह्याचा डोळा. हितनं चित्र बघतंय आपल्याकडं. हा कुनी घातला? माडानं?"

सुचिताला ती संध्याकाळ आठवली. चावीच्या कडीपाशी हात थांबला होता. खरी चावी काळपट होती, आतही माती होती. नियमाप्रमाणे तिथे ठिपके हवे होते. तिने ते घातले नाहीत, आणि का घातले नाहीत याचं कारण तिच्याकडे नव्हतं. फक्त ते बरोबर होतं एवढं तिला कळलं होतं.

"प्रत्येकात हाय," आप्पा म्हणाले. "मी बघितले सगळे. पयल्यांदाच बघितले तुझ्या चित्रात."

सुजितने तोंड फिरवलं आणि वरच्या लोखंडी चाकाकडे पाहत राहिला. निकेत घड्याळ बघायचं विसरला होता.

सुचिता उठली. पिशवीतून लांब स्टीलची पट्टी काढली, शाईचं पेन काढलं, टोक रुमालाला पुसलं, एकदा रद्दी कागदावर चालवून पाहिलं. "रचना, मी करू?"

रचनाने चावीच्या कडीकडे पाहिलं, मग कोऱ्या जागेकडे. तिने मोठा श्वास घेतला. "करा. पण या मोठ्यापासून नको. आधी छोट्यावर."

छोटं चित्र भिंतीवरून उतरवून उभं केलं, पण पट्टी टेकवली तर कॅनव्हास मऊ, पट्टी सरकू लागली. कागदाखाली टेबल असतं, इथे मागे काहीच नव्हतं. सुजितने मागून पुठ्ठा धरला, तरी पट्टीचं टोक हलत होतं. तेव्हा आप्पा पुढे झाले. "दे हिकडं."

"आप्पा, तुमचा हात..."

"हात कापतोय. दाब कापत न्हाय."

त्यांनी दोन्ही तळवे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले आणि भार दिला. पट्टी भिंतीत बसवल्यासारखी थांबली. मग त्यांनी हनुवटीने जागा दाखवली. त्या चित्रात ती जागा एका शंखाच्या तोंडाशी होती. सुचिताने तिथे पेन टेकवलं, श्वास रोखला आणि रेघ ओढली. शंखापासून निघून कोऱ्या जागेत, सरळ, बारीक, मध्येच जाड न होता. जिथे थांबायला हवी तिथे थांबली. तिच्या टोकाशी तिने एकच शब्द लिहिला, त्याच वळणात ज्या वळणात बावीस वर्षं हिरडी आणि मूळ लिहिलं होतं : सुचिता.

"आडनावाचं भांडण मिटलं," सुजित पुठ्ठ्यामागून म्हणाला.

रचना लांब जाऊन पाहू लागली. मग म्हणाली, "पत्रिकेतलं ते वाक्य मी खोडून टाकते," आणि खरोखरच पेन घेऊन टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या पत्रिका एकेक करून खोडायला बसली.

निकेतला जावं लागलं. आजोबांची दाढ वाट बघत होती. तक्ता तो तिथेच ठेवून गेला. सुचिता, सुजित आणि आप्पा एका चित्रावरून दुसऱ्यावर सरकत राहिले. आप्पा जागा दाखवायचे, सुचिता कधी मान हलवायची, कधी म्हणायची, "नाही, जरा वर," आणि आप्पा नीट पाहून म्हणायचे, "व्हय, वर." एकदा ती म्हणाली, "इथे," आणि त्यांनी आधी नाही म्हटलं, मग चष्मा पुसून पाहिलं आणि पट्टी तिथे नेली. सुजितचा हात भरून आला की तो पुठ्ठा डोक्याने धरायचा. कुणी घाई केली नाही.

पाच वाजले तेव्हा मोठं चित्र राहिलं होतं. बाहेर माणसं जमली होती. किहीमची, अलिबागची, सुट्टीला आलेली मुंबईची, आणि दिवेआगरहून तिच्या शेजाऱ्यांची एक जीप. रचनाने घड्याळ पाहिलं, सुचिताकडे पाहिलं.

"एक राहिलंय," सुचिता म्हणाली. "उघडा तुम्ही. बघितलं तर बघू देत."

दारं उघडली. माणसं आत आली आणि समोरचं पाहून कुजबुज थांबली. एक म्हातारा माणूस भिंतीपासून पुढे घेतलेल्या चित्रावर दोन्ही हात दाबून उभा होता, मागे फ्रेमच्या आडून कुणाचे तरी पाय दिसत होते, आणि एक बाई माडाच्या मुळांसमोर पेन धरून. तिने चावीच्या कडीतल्या त्या कोऱ्या जागेला पेन टेकवलं. हात किंचितही हलला नाही. रेघ मुळांच्या गर्दीतून बाहेर आली, मोकळ्या जागेत शिरली आणि थांबली. मग तिने नाव लिहिलं. मागे सरकून पाहिलं. पेनाला टोपण लावलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत; वाजवायच्या की नाही ते कुणाला ठरवता आलं नाही. पण दिवेआगरच्या जीपमधून आलेली रंगू, जिची वाडी सुजितच्या वाडीला लागून होती, ती सरळ त्या चित्रापाशी आली आणि रेघेच्या टोकाशी वाकून मोठ्याने वाचलं, "सुचिता." मग पुढच्या चित्रापाशी गेली, तिथेही वाचलं. तिच्या मागून इतर जण. पोरं शाळेत आकृतीतली नावं वाचतात तशी माणसं भिंतीवरून एकेक करत तेच नाव वाचत चालली होती.

सुचिता टेबलापाशी गेली. टॉवेलवर दाताचा तक्ता होता. फ्रेमच्या मागचे खिळे सुजितने आधीच सैल केले होते. तिने कागद बाहेर काढला, पट्टी ठेवली. या वेळी सुरुवात कुठून करायची ते तिने कुणाला विचारलं नाही. मुळाच्या टोकाला, जिथे सावली संपते, तिथला सगळ्यांत शेवटचा ठिपका तिला लगेच सापडला. त्या ठिपक्यापासून तिने रेघ काढली आणि 'मूळ'च्या खाली, त्याच ओळीत, आपलं नाव लिहिलं.

मागे तिला आप्पांचा आवाज ऐकू आला. मुंबईची कुणी बाई त्यांना विचारत होती, "ही रेघ कशासाठी आहे?"

"ती व्हय," आप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. पट्टीच्या कडेचे दोन लाल वळ अजून त्यांवर उमटलेले होते. "रेघ तिची हाय. पट्टी मी धरलेली."